रांग मोडा, खेळ मांडा

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे: लहान मुलांना फुटबॉल शिकवायचा कसा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी दर रविवारी सकाळी सातला हॉस्टेलमागच्या मैदानावर मेसच्या मावशींच्या आणि वॉचमनकाकांच्या मुलांना फुटबॉल शिकवायला लागले. मुलं आठ ते बारा वर्षांची. शाळेत मला जसं शिकवलं, तसंच मी शिकवलं. रांग लावायची, शिट्टी वाजली की एकाने विटांच्या मधून नागमोडी बॉल न्यायचा आणि परत येऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं. पहिल्या रविवारी बारा मुलं आली, चौथ्या रविवारी पाच. एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तो म्हणतो ताई नुसतं उभं करते. तेवढा तर तो रेशनच्या रांगेतही उभा राहतो." फार लागलं मला ते.

मग रूमवर येऊन हिशोब केला. बारा मुलं, एक बॉल, प्रत्येकाला दहा सेकंद. म्हणजे दोन मिनिटांनी एकदा नंबर येणार, तासाभरात तीस वेळा. तासातली फक्त ५ मिनिटं बॉल पायाशी आणि ५५ मिनिटं उभं! त्याऐवजी तीन-विरुद्ध-तीन असे दोन सामने लावले, तर बॉल बाहेर जाण्याचा वेळ सोडून प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १० मिनिटांच्या आसपास येतात. शिवाय उरलेल्या वेळेतही मूल पळतंय, जागा शोधतंय, डोकं चालवतंय.

वाचल्यावर कळलं की हा विचार नवा नाही. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातले डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये हेच मांडलं. मुलांना आधी तंत्र घोटून देतात, पण सामन्यात ते कधी आणि कशाला वापरायचं हे त्यांना उमगत नाही. म्हणून आधी सोपा केलेला खेळ द्या. त्यातून अडचण मुलांनाच दिसू द्या. मग तंत्र शिकवा आणि पुन्हा खेळात सोडा.

आपण गल्लीत क्रिकेट असंच शिकलो ना? शेजारच्या काकूंच्या गॅलरीत बॉल गेला की आऊट! म्हणून आपण सगळे आपोआप सरळ बॅटने खेळायला लागलो. कोच कोणी नव्हता. नियमच कोच होता. गंमत इथेच आहे: जे शिकवायचंय, ते नियमात लपवायचं.

मी वापरते ते तीन खेळ सांगते.

१) राँडो: आठ पावलांचा चौकोन. चौघं कडेला, एक मधे. कडेच्यांनी पास द्यायचे, मधल्याने बॉल हिसकावायचा. ज्याचा पास चुकला तो मधे. योहान क्रायफ १९८८ मध्ये बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा त्याने सरावात याच खेळाला मानाचं स्थान दिलं. यातून बॉल यायच्या आधीच इकडेतिकडे बघायची सवय लागते.

२) चार गोल: तीन-विरुद्ध-तीन, गोलकीपर नाही, दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोल. हा मूळचा हॉकीचा जर्मन प्रशिक्षक हॉर्स्ट वाइन याचा खेळ, नाव 'फुनिन्यो'. एका गोलसमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, म्हणून मान वर करावीच लागते. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्यात लहान मुलांसाठी असेच छोटे सामने सक्तीचे केले. आमचे गोल चपलांचे असतात, काही अडत नाही.

३) रेषेपार: गोलच नाही. बॉल पायाशी ठेवून समोरची रेषा ओलांडली तरच पॉइंट. लांबून नुसत्या लाथा मारणारे यात बरोबर सापडतात.

यात शिकवणाऱ्याचं काम काय? तर कमी बोलणं. खेळ दोन-तीनदाच थांबवायचा आणि प्रश्न विचारायचा, "आत्ता मोकळं कोण होतं?" उत्तर मुलांनीच द्यायचं. कंट्रोल सिस्टीम्सच्या भाषेत सांगायचं तर रांग म्हणजे ओपन लूप. कमांड दिली, हालचाल झाली, संपलं. खेळात मात्र प्रत्येक पासचा फीडबॅक लगेच मिळतो.

याचा अर्थ तंत्राचा सराव नकोच असं नाही. एक मुलगा स्वतःच येऊन म्हणाला, "ताई, डावा पाय चालतच नाही, शिकव ना." त्याला मी भिंतीवर शंभर किक मारायला लावल्या आणि त्याने हसत मारल्या, कारण त्या कशासाठी हे त्याला माहीत होतं.

सगळ्यात जास्त आनंद वेगळ्याच गोष्टीचा झाला. वॉचमनकाकांची नऊ वर्षांची मुलगी रांगेत कायम शेवटी. मोठ्या सामन्यात तिला कोणी पासच द्यायचं नाही. तिघांच्या टीममध्ये मात्र तिला पास न देऊन चालतच नाही! तिसऱ्या रविवारी ती मोकळ्या गोलकडे हात करून ओरडली, "इकडे दे रे!" तोपर्यंत मी तिचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

आता अकरा मुलं येतात. पाच जणं अजून आली नाहीत, त्यांच्या घरी मी जाणार आहे. मी अजूनही शिट्टी जास्तच वाजवते, सवय जाता जात नाही. दोन सामन्यांवर एकटीने लक्ष ठेवणं जमत नाही, म्हणून दोन जण हवे आहेत. फुटबॉल येत नसला तरी चालेल. रविवारी सातला उठता आलं पाहिजे आणि गप्प बसता आलं पाहिजे. इंजिनिअरिंगच्या मुलांना यातलं अवघड कोणतं, ते तुम्हीच ठरवा!