सीमा, पारपत्र आणि सोयरेधायरे

दसरा-दिवाळी उलटली की आपल्या सिरसाळा परिसरातील वाड्या-वस्त्या अर्ध्याअधिक ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, लेकरेबाळे, शेळ्या-कोंबड्या यांसह ट्रक-ट्रॅक्टरमधून ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातात, तर कोणी त्याही पुढे कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांवर जातात. वाटेत त्यांना जिल्ह्याच्या अनेक सीमा आणि कधी राज्याचीही सीमा ओलांडावी लागते. पण 'तुम्ही कोण, कोठले, तुमच्याजवळ कोणता कागद आहे?' असे त्यांना कोणी विचारीत नाही. सीमा कोठे लागली आणि कोठे सरली याचा पत्ताही त्यांना नसतो.

मार्च २०२० मध्ये मात्र हे चित्र एकाएकी पालटले. कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि गळीत हंगाम संपत आलेला असताना लाखाहून अधिक ऊसतोड कामगार परमुलखात उसाच्या फडाशेजारी अडकून पडले. घरी म्हातारी माणसे, वाटेत नाके. एप्रिलच्या मध्यास शासनाने आरोग्य तपासणी करून त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. पुढे सप्टेंबरच्या आरंभापर्यंत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी ई-पास काढावा लागत होता. साथीच्या काळात हा निर्बंध लागणे समजण्यासारखे आहे. पण ज्या रेघा आपण केवळ नकाशात पाहिल्या होत्या, त्यांना त्या दिवसांत भिंतीचे रूप आले. रेघ तीच होती. नवा होता तो कागद.

हा कागद माणसांच्या जीवनात काय उलथापालथ करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आपल्या मराठी मुलखालगतचेच एक उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे १९५४ ते १९६१ या काळातील गोव्याची सीमा.

पारपत्राची पूर्वपीठिका

प्रवासाचा परवाना ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'दस्तक' आणि 'राहदारी' हे शब्द येतात. परंतु सर्वसामान्य माणसाने सीमेवर आपली ओळख कागदाने पटवावी, ही सक्ती मात्र अलीकडची. पहिल्या महायुद्धापूर्वी जगाच्या मोठ्या भागात पारपत्राशिवाय प्रवास होत असे. युद्धात हेरांच्या आणि शत्रूंच्या भीतीने सरकारांनी हा निर्बंध घातला. युद्ध संपले, पण निर्बंध उरला. १९२० साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिसला परिषद भरली आणि पारपत्राच्या पुस्तिकेचा एक ठराविक नमुना ठरविण्यात आला. आज आपण जी पुस्तिका पाहतो तिचे मूळ तेथे आहे.

आपल्या स्वतःच्या गावाचाच दाखला घ्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत सिरसाळा हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि बीड जिल्ह्याला लागून असलेला अहमदनगर जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. म्हणजे शेजारचा जिल्हा हा एका अर्थी परका मुलूख ! दोहोंकडे नाणीही निराळी : इकडे 'हाली' शिक्का, तिकडे 'कलदार'. सीमेवर करोडगिरीचे नाके असत आणि मालावर जकात घेतली जाई. पण मराठवाड्यातील वारकरी पंढरपूरला जात आणि इंग्रजी मुलखातील यात्रेकरू परळीला वैजनाथाच्या दर्शनाला येत, त्यांना पारपत्र लागत नसे. नाकेदार गाठोडे तपाशी, माणूस तपाशीत नसे. त्यामुळे राज्ये दोन असूनही सोयरीक एक राहिली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ती ही की, दोन राज्यांमध्ये सीमा असणे आणि दोन माणसांमध्ये सीमा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोव्याची उघडी सीमा

गोव्याचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. ज्याला 'नव्या काबिजादी' म्हणतात तो भाग पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकात आला. डिचोली, सत्तरी आणि १७८८ साली पेडणे हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्या ताब्यात गेले. म्हणजे बांदे आणि पेडणे यांच्यामधली सीमा राजकारणाने पाडली. त्यापूर्वी तो एकच मुलूख होता. भाषा, देवदेवक, शेतीची रीत, लग्नसंबंध सारे एक. कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशीचा मंगेश ही मुंबई, रत्नागिरी, कारवार येथील कित्येक घराण्यांची कुलदैवते. दैवत एका राज्यात आणि भक्त दुसऱ्या राज्यात, असा हा प्रकार होता.

१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये तर काही वर्षे दोन्ही मुलखांची जकातव्यवस्थाही एक झाली होती. ती १८९२ मध्ये संपली, परंतु त्या कराराने सुरू झालेली मुरगाव ते लोंढा ही रेल्वे टिकली. कुळे आणि कॅसलरॉक येथे जकातीची तपासणी होई, एवढेच. या गाडीने आणि समुद्रमार्गे आगबोटीने हजारो गोमंतकीय पोटासाठी मुंबईस जात. कोणी बोटीवर खलाशी, कोणी आचारी, कोणी वादक, कोणी कारकून. ख्रिस्ती गोमंतकीयांनी मुंबईत गावागणिक 'कूड' स्थापन केले होते. गावाहून नवा आलेला मुलगा थेट आपल्या गावच्या कुडावर जाई आणि थोड्याशा वर्गणीत त्याला डोके टेकायला जागा मिळे. त्याने धाडलेल्या मनिऑर्डरीवर गावाकडची चूल पेटे. सुमारे साडेपाच लाख वस्तीच्या गोव्याचा संसार अशा रीतीने सीमेपलीकडच्या कमाईवर बऱ्याच अंशी अवलंबून होता.

कागद आला

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. गोवा मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला. १९५१ मध्ये पोर्तुगालच्या सालाझार सरकारने राज्यघटना बदलून गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच 'सागरापलीकडील प्रांत' आहे असे ठरविले. वाटाघाटी निष्फळ ठरल्याने भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली आणि १९५४ मध्ये गोवा व भारत यांमधील प्रवासावर व्हिसाचे निर्बंध लादले.

त्याचा पहिला परिणाम दमणच्या बाजूला दिसला. दादरा आणि नगर-हवेली हे पोर्तुगीज प्रदेश दमणपासून आत, चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले. दमणच्या गव्हर्नरालाही तेथे जाण्यास भारताचा व्हिसा लागे. २१ जुलै १९५४ रोजी दादऱ्यास जाऊन येण्यासाठी त्याला तो मिळाला होता. त्याच सुमारास दादरा स्वातंत्र्यसैनिकांनी घेतला आणि २ ऑगस्टला नगर-हवेलीही मुक्त झाली. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या वाहतुकीपुरता १९५४ मध्ये पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही.

या निकालाचा विद्यार्थ्यांनी एका निराळ्या बाजूने विचार करावा. न्यायालयाने खाजगी माणसाच्या जाण्या-येण्याची दखल घेतली खरी, परंतु तो हक्क पोर्तुगाल या राज्याचा म्हणून मानला. वाटेने चालणारा शेतकरी, माहेरी निघालेली लेक यांचा म्हणून नव्हे. सीमेच्या कायद्यात माणूस असतो, पण बहुधा कोणाच्या तरी मालकीचा म्हणून असतो.

नाकाबंदीची सहा वर्षे

१५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रहींना हौतात्म्य आले. पत्रादेवीची भूमी त्या दिवशी रक्ताने भिजली. यानंतर भारताने गोव्यातील आपली वकिलात बंद केली, रेल्वे थांबविली आणि आर्थिक नाकाबंदी कडक केली.

या धोरणामागचा हेतू न्याय्य होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. वसाहतवादी सत्तेवर शस्त्राविना दडपण आणावयाचे, तर व्यापार आणि प्रवास हीच साधने हाती असतात. परंतु दडपण कोणावर आले ? पोर्तुगीज सरकारने तांदूळ व भाजीपाला पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आणविले. खाणींतले लोखंडाचे खनिज बोटींनी परदेशी जातच होते. राजसत्तेने समुद्राकडचे दार उघडले. ज्याच्यापाशी बोट नव्हती, त्याचे दार मात्र बंद झाले.

मुंबईच्या कुडातल्या खलाशाला घरी पैसे धाडणे दुरापास्त झाले. आईच्या आजारपणाची तार आली तरी परवान्याशिवाय निघता येईना. पेडण्याची लेक बांद्याला दिलेली असेल, तर नदीपलीकडे दिसणारे माहेर तिला परदेश झाले. कुलदेवतेचा नवस फेडायचा, तरी अर्ज आला. ज्याला लिहिता-वाचता येते, शहरातल्या कचेरीत खेपा घालता येतात, ओळखीचा माणूस आहे, त्याला परवाना मिळण्याचा संभव अधिक. ज्याचे सारे आयुष्य चार कोसांत गेले, त्याच्यापाशी कागद कोठून असणार ? तिसरा मार्ग होता चोरवाटांचा. सीमेवर चोरटा व्यापार फोफावला, तो याच काळात. एरवी जो आठवड्याच्या बाजाराला गेला असता, तो आता रात्री जाऊ लागला आणि गुन्हेगार ठरला.

एका घरात दोन पारपत्रे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती सीमा उठली. कागदाचा प्रश्न मात्र तेवढ्याने संपला नाही. २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेले, किंवा ज्यांचे आईबाप अथवा आजी-आजोबा तेथे जन्मले होते असे लोक भारताचे नागरिक मानले गेले. ज्यांना ते नको असेल त्यांनी एक महिन्यात लेखी कळवावयाचे होते. गोव्यातील एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले, पण ते राहिले आपल्या जन्मभूमीतच. निवासाच्या परवान्याची मुदत संपल्यावर परकीय म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. कायद्याच्या दृष्टीने निर्णय चोख होता. तरीही आपल्याच गावात न हलता परका ठरलेला माणूस, हे चित्र मनातून जात नाही.

१९७४ च्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मात्र १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगण्याची वाट त्याच्या कायद्यात मोकळी राहिली. युरोपात काम मिळावे म्हणून अनेक तरुणांनी ती धरली. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलेल्याचे भारतीय नागरिकत्व जाते. म्हणून आज गोव्यात बाप भारतीय आणि मुलगा पोर्तुगीज अशी घरे आढळतात. पूर्वी सीमा नदीवर होती. आता ती घराच्या ओसरीवरून जाते.

समारोप

पारपत्र मुळातच वाईट, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परदेशी संकटात सापडलेल्या माणसामागे त्याचे राज्य उभे आहे, ही ग्वाहीही तोच कागद देतो. आपल्याकडे १९६७ पर्यंत पारपत्र देणे न देणे हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला आणि पाठोपाठ पारपत्र अधिनियम झाला. मर्जीच्या जागी कायदा आला, ही मोठी प्रगती होय. भारत आणि नेपाळ यांच्या नागरिकांना तर आजही एकमेकांच्या देशात जाण्यास पारपत्र लागत नाही, आणि तरीही दोन्ही राष्ट्रे स्वतंत्रच आहेत. सारांश, सीमा राखण्याच्या रीती अनेक आहेत. कोणती रीत बरी हे ठरविताना कसोटी एकच लावावी : ज्याच्यापाशी सर्वांत कमी कागद आहेत, त्याचे काय होईल ?

घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा आणि कोठेही राहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. परीक्षेसाठी आपण तो पाठ करतो. पण तो हक्क दर वर्षी खऱ्या अर्थाने वापरतात ते आपल्या वर्गात न बसलेले लोक. आपल्या महाविद्यालयातील कित्येकांचे आईवडील दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. खिशात कागद नसताना ते ज्या निर्धास्तपणे राज्याची सीमा ओलांडतात, तो निर्धास्तपणा पेडण्या-बांद्याच्या माणसांना सात वर्षे पारखा झाला होता आणि २०२० च्या उन्हाळ्यात काही आठवडे आपल्या माणसांनाही. यापुढे कधी कोणी सीमेवर नवा कागद मागू लागले, तर तो का मागितला, किती दिवसांसाठी मागितला आणि तो नसलेल्याची सोय काय केली, हे तीन प्रश्न आपण शिकलेल्यांनी विचारावयास हवेत. ट्रकमधल्या माणसाला ते विचारण्यास सवड नसते. त्याला अंधार पडण्यापूर्वी फडावर पोहोचायचे असते.