हॅश जुळला, पण सही कुणाची?

प्रश्न : मी सौंसरच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. एनपीएमवरून लायब्ररी घेतली की लॉक फाइलमध्ये ‘एसएचए५१२’ने सुरू होणारी लांबलचक ओळ येते. ती असली म्हणजे लायब्ररी सुरक्षित समजायची का?
— एक वाचक, लोधीखेडा

उत्तर : नाही. आज उतरवलेलं पॅकेज नोंद केली तेव्हाचंच आहे, एवढंच त्या ओळीवरून, म्हणजे पॅकेजच्या हॅशवरून, कळतं. आत एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पार बदलतो आणि एनपीएम काम तिथंच थांबवतं. हेही थोडं नाही! म्हणून ती फाइल गिटमध्ये ठेवा आणि ग्राहकाच्या मशीनवर ‘एनपीएम सीआय’ हीच आज्ञा वापरा.

पण हॅश कुणालाही काढता येतो. फेब्रुवारी २०१६मध्ये घुसखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावरची डाउनलोडची लिंक बदलली होती. ज्याला लिंक बदलता येते, त्याला शेजारचा हॅशही बदलता येतो. इथं सही लागते. प्रकाशक खासगी किल्लीने सही करतो, आपण सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. ‘एनपीएम ऑडिट सिग्नेचर्स’ चालवून पाहा. मात्र ही सही एनपीएमच्या भांडाराची असते, लेखकाची नव्हे.

आणि लेखकच फितूर निघाला तर? २०२४मध्ये एक्सझेड लायब्ररीत चोरवाट सापडली, ती तिच्या अधिकृत देखभालकर्त्यानेच घातली होती. तिथं सही खरीच होती. लोकांचे हिशेब तुमच्या हाती आहेत, तेव्हा लायब्ररी मोजक्याच घ्या आणि नवी आवृत्ती आल्या दिवशीच उचलू नका.