ॲम्बेसेडरचं इंजिन बांधायचं आहे? आधी मापं घ्या, मग पैसे मोजा

किल्लारी, औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात कुणाच्या दारात जुनी ब्रिटिश गाडी असलीच, तर ती बहुधा ॲम्बेसेडर असते. कारखाना बंगालमधल्या उत्तरपाऱ्याचा, कंपनी हिंदुस्थान मोटर्स. पण गाडी मुळातली इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, आणि बॉनेटखाली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन. एमजीए या गाजलेल्या इंग्लिश स्पोर्ट्‌स गाडीतही याच घराण्यातलं, याच मापाचं इंजिन होतं. मे २०१४ मध्ये ॲम्बेसेडरचं उत्पादन थांबलं. तरी हे इंजिन ओतीव लोखंडाचं, साधं आणि पुन्हापुन्हा बांधता येणारं आहे. नव्वदीत आलेली पाच गिअरची इसुझू इंजिनवाली ॲम्बेसेडर हे वेगळं प्रकरण आहे, तिच्याबद्दल इथे काही नाही.

भूकंपानंतर वसलेल्या नव्या किल्लारीत रस्ते रुंद आहेत, गाडी उभी करायला जागेची अडचण नाही. नुकसान होतं ते गाडी उभी राहूनच. महिनोन्‌महिने न चाललेलं इंजिन एक दिवस सुरू करायला गेलं की ते मिस मारतं, धूर सोडतं, गरम होतं आणि मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन बांधावं लागेल.’ माझं ठाम मत आहे की हे वाक्य ऐकून लगेच होकार देऊ नये. इंजिन उतरवण्याआधी मोजमाप करा. पाच-सहा हजारांत भागणाऱ्या दुखण्यावर पन्नास हजार जाताना मी पाहिले आहेत.

खालचे दर ठोकळ आहेत. भाव करताना अंदाज असावा म्हणून ते दिलेत. दुकानागणिक आणि मालाच्या प्रतीप्रमाणे ते वर-खाली होतात.

कॉम्प्रेशन बघा, तेही स्वतः उभं राहून

ही तपासणी करायला गॅरेजवाला तीनशे ते पाचशे रुपये घेतो. कॉम्प्रेशन गेज स्वतःचं घ्यायचं तर सहाशे ते बाराशेत मिळतं, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्याकडे ते असावंच. इंजिन गरम करून बंद करा. चारही प्लग काढा, कॉइलची मधली वायर सोडवा. एकानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. दुसऱ्यानं गेज प्लगच्या भोकात घट्ट धरायचं. काटा पाच-सहा फेऱ्यांत जिथे थांबेल तो आकडा खडूनं फेंडरच्या आतल्या पत्र्यावर लिहा. चांगल्या इंजिनात तो १२० ते १५० पौंडांच्या आसपास असतो. पण एकट्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडायचं कारण नाही.

एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. चढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, म्हणजे काम फक्त हेडचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर हेड गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुंकलेलं असतं. एवढ्या एका चाचणीनं खर्च तीन हजारांचा, दहा हजारांचा की पन्नास हजारांचा, हे कळून जातं.

पहिला खर्च: ट्यूनिंग

चार प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, प्लगच्या वायरी आणि मजुरी मिळून दोन ते साडेतीन हजार. प्लगचा गॅप २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पॉइंटचा १५, टॅपेटचा १५. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. फीलर गेज न लावता ‘हाताच्या अंदाजानं’ टॅपेट करणाऱ्याला नम्रपणे थांबवा. टॅपेट लावताना नऊची बेरीज लक्षात ठेवायची: आठव्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला लावायचा, सातवा उघडला की दुसरा, सहावा उघडला की तिसरा. हे मालकालाही तासाभरात शिकता येतं.

एक सावधगिरी. आज बाजारात मिळणारे स्वस्त कंडेन्सर लवकर बसतात. गाडीवरचा जुना कंडेन्सर चालू असेल तर तो फेकू नका, डिकीत जपून ठेवा. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर मुकाट सुरू होणारी गाडी दिसली की आधी कंडेन्सर आणि कॉइल बदलून बघा.

ऑइल आणि ऑइलची गळती

इंजिनात साधारण चार ते साडेचार लिटर ऑइल बसतं. २० डब्ल्यू ५० ग्रेडचं मिनरल ऑइल घ्या. नव्या गाड्यांची पातळ सिंथेटिक ऑइलं या इंजिनासाठी नाहीत. याच्या कॅमशाफ्टला आणि टॅपेटला जस्ताचं प्रमाण असलेलं जाड ऑइल लागतं. ऑइल, फिल्टरचा एलिमेंट आणि त्याचं रबरी रिंगण मिळून अठराशे ते अडीच हजार. पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदला. गाडी चालली नाही तरी बदलाच.

गिअरबॉक्सच्या जोडापाशी दोन-चार थेंब पडतात म्हणून इंजिन उतरवणारे पुष्कळ आहेत. या क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी ऑइल सील नाही. शाफ्टवर कोरलेला उलटा आटा ऑइल परत आत ढकलतो, आणि इंजिन बंद झालं की थोडं ठिबकतंच. थेंब पडत असतील तर खाली पत्रा ठेवा. धार लागली असेल, किंवा गरम इंजिनावर, रस्त्यावर धावताना ऑइल प्रेशर ४०-५० पौंडांवरून घसरून वीसवर येत असेल, तर मात्र बेअरिंग तपासायची वेळ झाली.

पाणी

इथल्या बोअरचं पाणी जड आहे. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतल्यानं ब्लॉकच्या आत क्षाराचा थर बसतो आणि चौथ्या सिलिंडरमागचा कोपरा आधी बुजतो. रेडिएटर उतरवून नळ्या साफ करून घ्यायला दीड ते अडीच हजार, वॉटर पंप बदलायला दोन ते तीन हजार, होज पाइप आणि पट्टा आठशे-हजार. ब्लॉकच्या बाजूची तोटी उघडून बघा. पाणी न येता गाळ आला तर तार घालून साफ करावी लागते. नंतर शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मंनिम्म भरा. उन्हाळा कडक म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, मला ती पटत नाही. इंजिन कायम अर्धं थंड राहतं, पेट्रोल जास्त जळतं आणि उरलेलं ऑइलमध्ये उतरतं.

पेट्रोलमधलं इथेनॉल

लातूर जिल्हा उसाचा. उसापासून झालेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये येतं, आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १९५०-६० च्या आराखड्याचं हे इंजिन त्यासाठी बनलेलं नाही. जुने रबरी पाइप मऊ पडतात, पेट्रोल पंपाचा डायफ्राम ताणतो, फ्लोट चेंबरमध्ये पाणी साचतं, टाकीतला गंज सुटून जेटमध्ये अडकतो. गाडी उभी राहिली की हे सगळं दुप्पट वेगानं होतं. उपाय महाग नाही. इथेनॉल सोसणारा इंधनाचा पाइप, पंपाचा नवा डायफ्राम, कार्ब्युरेटरचा किट आणि पारदर्शक फिल्टर मिळून दीड ते तीन हजार. जुन्या मार्कवर एसयू, नंतरच्या बऱ्याच गाड्यांवर सोलेक्स कार्ब्युरेटर आहे. किट मागताना नाव सांगा. मिश्रण थोडं पातळ होतं म्हणून ट्यूनिंग करताना किंचित घट्ट ठेवायला सांगा. महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी गच्च भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.

याच्याच शेजारचा विषय शिशाचा. २००० सालापासून देशात शिसेविरहित पेट्रोल आलं. जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हेडच्याच लोखंडात कापलेली असते. शिशाचं संरक्षण गेल्यावर ती हळूहळू खचते. ओळख सोपी: टॅपेटचा गॅप लावला की काही शे किलोमीटरमध्ये पुन्हा कमी होतो. हेड उतरवलंच तर चारही एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. हेड फेसिंग, व्हॉल्व्ह, गाइड आणि सीट धरून मशीनशॉपचं काम पाच ते आठ हजार. गॅस्केट आणि मजुरी वर तीन-चार हजार.

पूर्ण बांधणी

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये पडलेलं, निळा धूर, ऑइल पाचशे किलोमीटरला लिटरभर, खालून ठकठक: मग बांधणी टळत नाही. बोअरिंगला आणि क्रँक ग्राइंडिंगला लातूर किंवा सोलापूर गाठावं लागेल. चार सिलिंडर बोअर आणि होनिंग दोन ते तीन हजार. पिस्टन, पिन, रिंगांचा सेट पाच ते आठ. क्रँक ग्राइंडिंग दोन ते तीन. मेन आणि बिग एंड बेअरिंग दोन ते साडेतीन. हेडचं काम वर सांगितलेलं पाच ते आठ. ऑइल पंप दीड ते अडीच. टायमिंग चेन बाराशे ते दोन हजार. गॅस्केटचा पूर्ण सेट हजार ते अठराशे. ऑइल-कूलंट-सटरफटर चार हजार. इंजिन उतरवून बांधून चढवायची मजुरी बारा ते अठरा. एकूण ३५ ते ५५ हजार. हाताशी साठ ठेवा.

मशीनशॉपमध्ये एक आग्रह धरा: बोअर वर, मध्ये, खाली किती आहे आणि क्रँकचं प्रत्येक जर्नल किती झिजलं आहे, हे मायक्रोमीटरनं मोजून कागदावर लिहून द्यायला सांगा. पिस्टन त्या मापाचे हातात आल्यावरच बोअर करायला सांगा. आधी बोअर करून मग त्या साइजचा पिस्टन शोधत बसणारे मालक महिनोन्‌महिने अडकतात. बोअर ४० थाऊच्या पुढे गेलेलं असेल तर स्लीव्ह घालावे लागतात, त्याचे आणखी चार ते सहा हजार. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. तो खर्च वर्षभरात पुन्हा होतो. बांधल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी साठच्या आत चालवा आणि नंतर हेड पुन्हा आवळून, टॅपेट लावून, ऑइल बदलून घ्या.

डिझेल ॲम्बेसेडरचा खालचा भाग जवळपास असाच बांधला जातो. नोझल आणि पंपाचं कॅलिब्रेशन मात्र वेगळं, त्याचे सहा ते दहा हजार जादा धरा.

सुटे भाग लातूर-सोलापूरच्या जुन्या दुकानांत विचारा, नाही मिळाले तर कोलकात्याचं मल्लिक बाजार आणि दिल्लीचं काश्मिरी गेट ही ठिकाणं आहेत. इंग्लंडहून बी-सिरीजचा माल आजही मिळतो आणि तो चांगला असतो, पण वाहतूक आणि कस्टम धरून किंमत कितीतरी पटींनी वाढते. बेअरिंग आणि व्हॉल्व्ह सोडून बाकीसाठी तो खर्च करू नये.

कागद आधी

इंजिनवर पैसे घालण्यापूर्वी आरसी बुक उघडा. वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालं आहे. पर्यावरण कर आणि फिटनेसचा खर्च वेगळा. मुदत संपण्याआधी साठ दिवसांत अर्ज करता येतो, उशिराला दर महिन्याला पाचशे रुपये जादा लागतात. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली असतील तर विंटेज नोंदणी घेता येते: शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए. मात्र मग गाडी रोजच्या वापराला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. बाजारहाट करायचा असेल तर विंटेजच्या मागे लागू नका. आणि ब्लॉक तडकला म्हणून दुसरं इंजिन बसवणार असाल, तर त्याचं बिल आणि मूळ मालकाचा कागद घेतल्याशिवाय ते विकत घेऊ नका. इंजिन नंबर आरसीवर चढला नाही, तर पन्नास हजारांचं चांगलं बांधलेलं इंजिन आरटीओच्या दारात अडकून पडतं.