विश्रांतीचा दिवस हाही सरावाचाच दिवस



केंद्राच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की गावाच्या रस्त्यावर पहाटेच पळणारी मुले-मुली दिसू लागतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांतल्या एखाद्याला विचारा, "काय रे, सुट्टी कधी घेतोस?" तो लगेच म्हणेल, "छे! एक दिवस चुकला की दम कमी होतो." हे खरे आहे का? आज आपण तेच समजून घेऊ.

पळताना शरीरात काय होते?

पळताना मांड्यांच्या व पोटऱ्यांच्या स्नायूंवर ताण पडतो. त्यांतील बारीक तंतूंना किंचित इजा होते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते मुख्यतः यामुळेच. शिवाय स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. जोरात किंवा लांब पळाल्यावर हा साठा बराच संपतो आणि पुन्हा भरायला साधारण एक दिवस तरी लागतो.

मग ही झीज केव्हा भरून निघते? पळणे थांबल्यावर, पोटभर जेवल्यावर आणि विशेषतः गाढ झोपेत. शरीर नुसती डागडुजी करून थांबत नाही. पुढच्या वेळी तेवढाच ताण सहज सोसता यावा म्हणून ते स्नायू आधीपेक्षा बळकट करते. म्हणजे पळण्याने ताण पडतो, पण ताकद येते ती विश्रांतीत. रोजच ताण दिला आणि डागडुजीला वेळच दिला नाही, तर पाय बळकट होण्याऐवजी थकत जातात. एक-दोन दिवस न पळाल्याने दम मात्र कमी होत नाही.

आपल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट ठाऊकच आहे. कितीतरी गावांत अमावास्येला औत धरत नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात आणि पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. म्हणून काही बैल आळशी होत नाही!

एका मोठ्या धावपटूची गोष्ट

चेकोस्लोव्हाकिया देशात एमिल झाटोपेक नावाचा धावपटू होऊन गेला. कडक सरावासाठी तो जगभर प्रसिद्ध होता. १९५० साली ब्रुसेल्स येथील युरोपियन स्पर्धेपूर्वी तो आजारी पडला. सुमारे दोन आठवडे त्याला रुग्णालयात राहावे लागले, सराव बंद पडला. सुटून आल्यावर अवघ्या काही दिवसांत तो मैदानात उतरला आणि १०,००० मीटरची शर्यत त्याने एका मिनिटाहून जास्त फरकाने जिंकली! ५,००० मीटरही त्यानेच जिंकली. आजारी पडावे असा याचा अर्थ नव्हे. पण सक्तीच्या विश्रांतीने त्याचे बळ गेले नाही, हे तर दिसले. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके मिळवली. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ते याच ऑलिंपिकमध्ये.

मुलांनी जास्त काळजी का घ्यावी?

आपली हाडे अजून वाढत आहेत. त्यांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. रोज कठीण रस्त्यावर पळाल्यास टाच, नडगी किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा भाग दुखू लागतो. असे दुखणे अंगावर काढू नये.

आठवडा असा आखावा

सोमवार – सावकाश पळणे
मंगळवार – थोड्या अंतराच्या जलद धावा
बुधवार – लंगडी, खो-खो असे खेळ
गुरुवार – लांब पण सावकाश पळणे
शुक्रवार – चालणे व हलका व्यायाम
शनिवार – घड्याळ लावून एकदा जोरात धाव
रविवार – विश्रांती

विश्रांती म्हणजे दिवसभर अंथरुणात लोळणे नव्हे. फिरावे, गोट्या खेळाव्यात, पण पळण्याचा सराव करू नये. रात्री ९ ते १० तास झोप मात्र रोज हवी. पहाटे ५ ला उठायचे असेल, तर रात्री ८ लाच अंथरूण धरावे.

शरीराची खूण ओळखा

सकाळी उठण्यापूर्वी पडल्या पडल्या मनगटावर बोटे ठेवून एक मिनिट नाडीचे ठोके मोजा. रोज वहीत लिहा. एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा दहा-बारा ठोके जास्त भरले, भूक नसेल, अंग जड वाटत असेल, तर त्या दिवशी पळू नका. गुरुजींना किंवा बाईंना तसे सांगा. ते रागावणार नाहीत.

पालकांना विनंती

मुलगा किंवा मुलगी रविवारी पळत नाही म्हणून "आळशी झालास" असे म्हणू नका. त्या दिवशी सरपणाच्या मोळ्या, पाण्याच्या घागरी आणि दिवसभराची खुरपणी मुलांवर पडली, तर ती विश्रांती उरत नाही. मुलींच्या वाट्याला हे काम जास्त येते. तेव्हा आठवड्यातला तेवढा एक दिवस त्यांचे ओझे घरच्यांनी वाटून घ्यावे. पोटाला भाकरीबरोबर डाळ-उसळ आणि शेंगदाणे-गूळ द्यावा. एवढे केले तरी मुलांच्या पायांना मोठा आधार होईल.

सांगा पाहू

१. स्नायू बळकट केव्हा होतात?
२. ग्लायकोजेन म्हणजे काय?
३. आठ दिवस आपली नाडी मोजून तक्ता तयार करा व या भिंतीवर लावा.