जांघेतले अवधाण आणि पायांवरची सूज

पायात काटा मोडला किंवा अंगठ्याची ठेच चिघळली, की एक-दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, हे कोडे लहानपणी अनेकांना पडलेले असते. त्याचे उत्तर शरीरातील लसीका तंत्रात आहे. पायाकडून येणारा द्रव जांघेतील ग्रंथींमधून गाळला जातो. त्याबरोबर आलेल्या जंतूंशी तेथे झुंज सुरू होते आणि ग्रंथी फुगते.

रक्ताच्या केशवाहिन्यांतून सतत थोडा द्रव पेशींच्या अवतीभवती पाझरतो. तो गोळा करून पुन्हा रक्तात आणणे, हे लसीकावाहिन्यांचे मुख्य काम. दिवसाकाठी काही लिटर द्रव या मार्गाने परततो आणि त्यातील बराचसा मानेच्या मुळाशी, डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत रिता होतो. आतड्यांतून शोषलेली चरबीही याच वाटेने जाते. १६२२ मध्ये इटलीतील गास्पारे असेली यांना नुकतेच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या आतड्यांलगत दुधासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या, त्या याच वाहिन्या होत्या.

रक्ताला हृदयाचा पंप आहे. लसीकेला तसा स्वतंत्र पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे हलके आकुंचन, आतील झडपा, श्वासाबरोबर छाती-पोटातील दाबात होणारा बदल आणि भोवतालच्या स्नायूंची हालचाल यांवर तिचा प्रवाह चालतो. म्हणूनच दिवसभर खिडकीमागे बसणाऱ्या रोखपालाच्या किंवा तासन्‌तास उभ्या असणाऱ्या सुरक्षारक्षकाच्या घोट्यांवर संध्याकाळी मोज्यांचे वळ उमटतात. तासाभराने चार पावले चालणे, बसल्या बसल्या टाचा वर-खाली करणे, घोटा गोल फिरवणे आणि रात्री पाय उशीवर ठेवणे एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. लसीका ‘शुद्ध’ करण्याच्या नावाने विकले जाणारे काढे आणि चूर्णे यांवर मात्र पैसे घालवू नयेत. त्यांच्या उपयोगाचा भरवशाचा पुरावा नाही.

सगळीच सूज लसीकेची नसते. एकाच पायावर एकाएकी सूज आली आणि पोटरी दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दोन्ही पायांच्या सुजेबरोबर धाप लागत असेल, तर हृदय तपासून घ्यावे. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमूट धरता येत नसेल, तर तो लसीकेच्या सुजेचा संशय घेण्याजोगा जुना संकेत आहे. चिमूट धरता आली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये.

आपल्या देशात या तंत्राचा मोठा शत्रू म्हणजे हत्तीरोग. क्युलेक्स डास साचलेल्या घाण पाण्यात वाढतो आणि त्याच्या चाव्यातून या रोगाचे कृमी शरीरात शिरतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड तसेच आपल्या विदर्भातील काही जिल्हे यांची झळ सोसत आले आहेत. वाढलेला पाय पूर्ववत होणे कठीण. परंतु वारंवार येणारा ताप आणि वेदना बऱ्याच अंशी टाळता येतात. हे झटके बहुधा बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांतून किंवा भेगांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे येतात आणि प्रत्येक झटक्यागणिक सूज वाढते. म्हणून रोज साध्या पाण्याने व साबणाने पाय धुवावा, बेचक्या मऊ कापडाने न घासता टिपून कोरड्या कराव्यात, चिखल्यांवर डॉक्टरांनी सांगितलेले मलम लावावे आणि अनवाणी फिरू नये. काम कंटाळवाणे आहे खरे, आणि ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी ते घरातल्या कुणीतरी करावे लागते.

स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढलेल्या स्त्रियांच्या हातावरही अशीच सूज येऊ शकते. पूर्वी त्यांना वजन उचलण्याची सक्त मनाई असे. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज बळावली नाही. दाबपट्टी किंवा दाबाचे मोजे मात्र तज्ज्ञाने माप घेऊनच वापरावेत.

बदली होऊन हत्तीरोगाच्या जिल्ह्यात गेलेल्या सहकाऱ्यांना एक विनंती. सार्वत्रिक औषधोपचार मोहिमेत आरोग्य कर्मचारी दारात गोळ्या घेऊन आले, की ‘आम्हाला काही झालेले नाही’ म्हणून त्यांना परतवू नका. कृमी अंगात असूनही वर्षानुवर्षे बाहेर काही दिसत नाही. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना वगळून इतरांनी त्या गोळ्या काही खाऊन झाल्यावर, कर्मचाऱ्यासमोरच घ्यायच्या असतात.