संकेतस्थळांतून होणारी माहितीची गळती : ग्रामपंचायतींनी जाणून घ्यावे असे काही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त केली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडल्याची सरकारी नोंद आहे. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम हाती घेण्यात आला, त्यात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे द्यावयाची असल्याने कोणत्या कुटुंबाची जमीन किती, वारस कोण, हे सारे कागदावर यावे लागले. अशा नोंदी गावासमोर असणे हिताचेच असते. चावडीवर लागलेली यादी दहा जण वाचतात आणि खोटे नाव घुसले असेल तर त्यांतला एक तरी बोट ठेवतो.

त्याच किल्लारीत आज सातबारा, निवृत्तिवेतन, मजुरी यांच्या नोंदी संगणकावर आहेत. चावडीवरील यादी आणि संगणकावरील यादी यांत मात्र मोठा भेद आहे. पहिली वाचणारा गावचाच असतो. दुसरी जगाच्या पाठीवरील कोणीही वाचू शकतो आणि एका गावाची नव्हे, तर साऱ्या देशाची यादी तासाभरात उतरवून घेऊ शकतो. म्हणूनच काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हा प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांचा राहिलेला नाही.

‘नो-लॉगिन’चे ‘लॉगिन’

मे २०१७ मध्ये ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक आणि सुमारे १० कोटी बँक खात्यांचे क्रमांक कोणालाही पाहता येतील अशा स्थितीत होते, असा त्याचा निष्कर्ष होता. या चारांत राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचे व रोजगार हमीचे अशी दोन राष्ट्रीय संकेतस्थळे होती, उरलेली दोन आंध्र प्रदेशातील होती. पहिला कार्यक्रम म्हणजे वृद्ध, विधवा व दिव्यांग यांच्या निवृत्तिवेतनाचा. मराठवाड्यातील गावोगावच्या निराधारांचा त्याच्याशी थेट संबंध येतो.

या संकेतस्थळावर लाभार्थ्यांचा तपशील वरकरणी झाकलेला होता. परंतु ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणाऱ्या पत्त्यात ‘नो-लॉगिन’ असा एक शब्द होता. तो खोडून ‘लॉगिन’ लिहिला की पडदा दूर होई आणि पासवर्ड न विचारताच पूर्ण माहिती समोर येई. दारावर पाटी होती, दाराला कुलूप नव्हते. यात कोणी चोरी करून आत शिरले नाही, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘आमचे संकेतस्थळ कोणी फोडलेले नाही’ हे उत्तर अशा वेळी खरे असूनही अपुरे ठरते.

तयार सांगाड्यातील फटी

आजची संकेतस्थळे पायापासून कोणी बांधत नाही. जँगो, लॅराव्हेल, रेल्स, स्प्रिंग अशा नावांचे तयार सांगाडे मिळतात, ज्यांना ‘फ्रेमवर्क’ म्हणतात. त्यांवर विभागाने अगर ठेकेदाराने आपले काम चढवावयाचे असते. सांगाडे बहुधा भक्कम असतात, पण ते बांधणाऱ्याच्या सोयीने येतात. उदाहरणार्थ, जँगोमध्ये नवे काम सुरू केले की ‘डीबग’ नावाची कळ चालूच असते. चूक घडली की कोणती फाइल, कोणती ओळ, त्या क्षणी कोणती माहिती हाताळली जात होती, हे सारे पडद्यावर उमटते. बांधकाम चालू असताना हे उपयोगी आहे. संकेतस्थळ जनतेला खुले केल्यावर ही कळ बंद करावी, असे जँगोचे निर्मातेच बजावतात. घाईच्या उद्घाटनात नेमके हेच राहून जाते. लॅराव्हेलमध्ये माहितीकोशाचा पासवर्ड एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवला जातो. मांडणी चुकली तर ती फाइलही कोणालाही उतरवून घेता येते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील पॅट्रिऑन या संस्थेची माहिती २०१५ मध्ये बाहेर पडली, ती चाचणीसाठी ठेवलेल्या आणि बाहेरून पोचता येणाऱ्या सर्व्हरमधून. २०१९ मध्ये तर खुद्द रेल्सच्या सांगाड्यातच दोष आढळला. विशिष्ट रीतीने विनंती पाठविल्यास सर्व्हरवरील फाइल वाचता येत असे. निर्मात्यांनी दुरुस्ती लगेच प्रसिद्ध केली, पण ज्यांनी ती बसविली नाही त्यांचे संकेतस्थळ उघडेच राहिले. देखभालीचा करार नसलेल्या सरकारी संकेतस्थळांची खरी अडचण येथे आहे.

अंगठ्याचा ठसा

फुटलेल्या माहितीने गरीब माणसाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. २०१८ मध्ये तेलंगणात एका इसमाने संकेतस्थळावरील जमीन-नोंदणीच्या दस्तांवरून अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी साचे केले आणि त्यांच्या आधारे हजारो सिमकार्डे चालू केल्याचे उघडकीस आले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आधार क्रमांक आणि अंगठा यांवरच गावातल्या केंद्रात बँकेतून पैसे निघत असल्याने निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धेसाठी ही गोष्ट लहान नाही.

उघडेपणा आणि आडोसा

याचा अर्थ याद्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावयाची आहे आणि सामाजिक अंकेक्षण त्याशिवाय होऊच शकत नाही. गळतीचे निमित्त करून यादीच काढून घेणे हा आळशी उपाय होय. लाभार्थ्याचे नाव, गाव, योजना, रक्कम आणि महिना एवढ्यावर गैरव्यवहार पकडता येतो. त्यासाठी आधार क्रमांक, खाते क्रमांक वा ठसा यांची गरज नसते. दुसरीकडे, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

पंचायत समितीने वा ग्रामपंचायतीने ठेकेदाराकडून संकेतस्थळ करून घेताना काही साधे प्रश्न लेखी विचारावेत. डीबगची कळ बंद केली आहे काय? पत्त्यातील अनुक्रमांक बदलला तर दुसऱ्याच माणसाचा अर्ज उघडतो काय? दुरुस्त्या कोण व किती दिवसांत बसविणार? दुसऱ्या प्रश्नाची पडताळणी स्वतःच्याच दोन चाचणी-अर्जांवर पाच मिनिटांत करता येते, मात्र इतरांच्या नोंदी उघडून पाहू नयेत. दोष आढळल्यास तो चव्हाट्यावर न मांडता संबंधित विभागाला आणि केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला कळवावा. ज्यांच्या खात्यातून रक्कम गेली आहे त्यांनी विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आधारवरील बोटांचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर व मोबाइल अ‍ॅपवर उपलब्ध आहे. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असावा लागतो आणि पैसे काढावयाच्या दिवशी हे कुलूप तात्पुरते उघडता येते.