पुस्तकबांधणीचे दोन दिवस : कार्यशाळा कशी भरवावी?

हाताने काम करीत शिकावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी योजना मांडली. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. गावाच्या उपयोगी पडेल असे खरे काम करीतच शिकायचे, ही तेथील रीत. आपल्या कला शाखेत मात्र हाताचा उपयोग टिपणे उतरवून घेण्यापुरताच!

माझे वडील सुतार आहेत. मुलाच्या हातचा रंधा सुटावा म्हणूनच त्यांनी मला महाविद्यालयात घातले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण रंधा सुटला म्हणजे हातातली कलाही सुटलीच पाहिजे काय?

गेल्या डिसेंबरात आम्ही काही विद्यार्थ्यांनी शनिवार-रविवार धरून पुस्तकबांधणीची कार्यशाळा भरविली. विषय निवडताना एकच कसोटी लावली : शिकताना होणारे काम कोणाच्या तरी गरजेचे असावे. आमच्या ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांचे एक कपाटच आहे. त्यांतली बरीच क्रमिक पुस्तके. ज्यांना ती विकत घेणे परवडत नाही, त्यांचीच परीक्षेच्या तोंडावर अडचण होते.

पुस्तके निवडताना कणा वरच्या बाजूने पाहावा. घडी घातलेले फर्मे दिसले, तर ते पुस्तक घडीतून शिवता येते. सुटी पाने नुसत्या डिंकाने चिकटविलेली असतील, तर ते नवशिक्यांना देऊ नये. आम्ही अशी वीस पुस्तके व वीसच विद्यार्थी घेतले. चौघांना एक टेबल, एक दाभण, एक पोलादी पट्टी. बघे मुळीच घेतले नाहीत. बघून बांधणी येत नाही.

दोन दिवस का, याचे उत्तर खळीत आहे. शनिवारी जुने पुठ्ठे काढायचे, फर्म्यांच्या फाटक्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावायच्या, फर्मे शिवायचे व कण्याला खळ लावून पुस्तक रात्रभर वजनाखाली ठेवायचे. ओल्या कण्यावर पुठ्ठा चढविला तर पुस्तक वाकडे बसते. म्हणून पुठ्ठा, कापड व अस्तर रविवारी, आणि पुन्हा एक रात्र दाबाखाली. एकाच दिवसात उरकू, अशी सूचना एका बैठकीत आली होती. ती करणाऱ्याने खळ कधी वाळताना पाहिली नसावी.

खळ मैद्याची. कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्यामुळे चहाची व्यवस्था दुसऱ्या खोलीत ठेवली. पुठ्ठा कापण्यापूर्वी तो हलकेच वाकवून पाहावा. तो एका बाजूने सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. ज्या रेषेवर तो सहज वाकतो, ती रेषा कण्याला समांतर हवी. कारण ओलाव्याने कागदाचे तंतू लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात. दिशा चुकली की पुठ्ठा पिळवटतो. हे कारण भौतिकशास्त्राच्या सरांनी सांगितले. बाजारपेठेतले आमचे बाइंडरमामा मात्र कारणाच्या भानगडीत न पडता नुसत्या बोटांनी पुठ्ठ्याची दिशा ओळखत होते.

मामांच्या मानधनावरून बराच खल झाला. पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढीच रक्कम त्यांना द्यावी, असे आमचे म्हणणे. ते तर सातवी शिकलेले, असा आक्षेप निघाला. तासाभराच्या व्याख्यानाला जे मिळते ते दोन दिवस उभे राहून शिकविणाऱ्याला का मिळू नये, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. अखेर रक्कम मंजूर झाली. फलकावर त्यांचे नाव 'मार्गदर्शक' म्हणून लिहिले तेव्हा मामांनी, "दुकानाचं नाव नको का?" एवढेच विचारले. मग तेही लिहिले.

वीसपैकी सतरा पुस्तके सोमवारी ग्रंथपालांच्या स्वाधीन केली. तीन पुस्तकांची शिवण सैल निघाली. ती पुढच्या शनिवारी मामांच्या दुकानात बसून उसवली व पुन्हा शिवली. त्या वेळी मामांनी सुईला हात लावला नाही.